उचल-दाखला

सकाळी नऊला पट्टीनं अडतीस दाखवले आणि मी खुर्चीत मटकन बसले.

"काकू, परत एकदा बघू," रेहाना म्हणाली. तिनं माझ्या उजव्या मांडीवरची ती चार बोटं रुंद पट्टी सोडली, पुसली, पुन्हा घट्ट बांधली. मला हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला लावलं. मी दात-ओठ खाऊन उठले. पट्टीनं बारीक आवाज केला. पुन्हा अडतीस.

"बिघडलीय तुमची पट्टी," मी म्हणाले. "चोवीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते मी. तिकिटाचं मशीन असंच अडायचं. दोन थपडा दिल्या की सुतासारखं सरळ. देऊ का?"

रेहाना मुलाणी ही आमच्या वॉर्डाची फिजिओथेरपिस्ट. अठ्ठावीस वर्षांची पोर, मी कितीही खेकसले तरी हसणारी. या वेळी ती हसली नाही.

समोर पलंगावर आमचे हे होते. अंबादास ननवरे, बार्शी डेपोचे रिटायर्ड ड्रायव्हर. चार वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. समज मात्र पूर्वीसारखी लख्ख. उजव्या हातानं खूण करतात, डोळ्यांनी बोलतात. आम्हाला मूलबाळ नाही. त्यांचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, माझं सत्तेचाळीस, आणि वय चौऱ्याहत्तर. या अठ्ठ्याहत्तर किलोंना मी दिवसातून सहा वेळा पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घेते. तेवढं जमतंय तोवर ते माझ्याजवळ. नाही जमलं की सोलापूरला, सरकारी संगोपन केंद्रात. सगळं प्रकरण एवढंच आहे.

ही पट्टी कुठून आली तेही सांगते. आमच्या आईच्या वेळी म्हातारं माणूस पडलं की लोक म्हणायचे, पाय घसरला, नशीब फुटकं. मग शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की पडणं अचानक नसतंच. मांडीला ते महिनोन् महिने आधी ठाऊक असतं. मांडीच्या स्नायूत दोन जातीचे धागे असतात म्हणे. एक सावकाश चालणारे, आपल्याला उभं ठेवतात. दुसरे चपळ, ठेच लागली की क्षणात आवळून सावरून धरतात. वय झालं की हे चपळ धागे आधी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी येऊन बसते. माणूस चालतो-फिरतो, त्याला वाटतं आपण ठणठणीत. पट्टी आपल्याला ऐकू न येणारा आवाज मांडीत सोडते, परत येणाऱ्या आवाजावरून जिवंत धागे किती आणि ते किती झटकन आवळतात ते ओळखते, आणि शंभरापैकी एक आकडा देते. त्याला म्हणतात बळांक. चाळीसच्या खाली गेलेल्या दहांपैकी नऊ माणसं सहा महिन्यांत पडतात.

हे एकदा कळल्यावर सरकार गप्प बसतंय होय? घरी रुग्ण सांभाळणारा माणूस सत्तरीच्या पुढचा असेल तर त्याला उचल-दाखला लागतो. दर महिन्याला मोजणी. एकवीस दिवसांच्या अंतरानं दोनदा आकडा चाळीसच्या खाली गेला की दाखला रद्द, आणि रुग्णाला केंद्रात न्यायचं. कारण सांभाळणारा पडला की दोघंही जमिनीवर, आणि दार उघडायला कुणी नाही. कुर्डुवाडीकडं तसं झालेलं मी स्वतः ऐकलंय. नियम शहाणा आहे हो. त्याचाच जास्त राग येतो.

"एकवीस दिवस आहेत आपल्याकडं," रेहाना पट्टी गुंडाळत म्हणाली. "काकू, खरं सांगा, व्यायाम करताय ना?"

"तुझ्या गळ्याची शपथ, करते."

आणि ते खरंच होतं. दीड वर्षापूर्वी तिनं मला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. या वयात काय पहिलवान व्हायचंय का मला? पण ती चिवट. तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घेतले, त्यांत आधी दोन-दोन लिटर पाणी, मग तीन, मग चार. ते दोन्ही हातांत धरून उभं राहायचं, खाली ठेवायचे, उचलायचे. भिंतीला हात लावून दंड. ओट्याला धरून टाचा वर-खाली. रबराची पट्टी पायात अडकवून ताणायची. आणि सगळ्यांत वरचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठणं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी अर्धा तास. हे पलंगावरून बघायचे आणि मी चुकले की उजव्या हाताची बोटं नाचवायचे, म्हणजे परत कर. मेले मास्तर!

तीन महिन्यांत मी बदलले. जिन्यानं गच्चीवर जाऊन पापड घातले. साखर खाली आली. रेहानानं सांगितलं, रक्तातली साखर सगळ्यांत जास्त ओढून घेतात ते स्नायूच, म्हणून ते वाढले की ती आपोआप आटोक्यात राहते. हाडांवर ओढ बसते म्हणून हाडंही घट्ट होतात. गुडघ्याची कुरकुर कमी झाली, झोप लागायला लागली. पहिला बळांक सेहेचाळीस होता, आषाढात एक्कावन्न झाला. मी गल्लीभर सांगत सुटले होते.

आणि मग काय माशी शिंकली कुणास ठाऊक. श्रावणात पन्नास. भाद्रपदात सत्तेचाळीस. आश्विन लागताना त्रेचाळीस. आता कोजागरी झाल्यावर चौथ्या दिवशी अडतीस. मी घाबरून व्यायाम वाढवला होता, तीन दिवसांचे सहा दिवस केले होते, तरी आकडा आपला घसरतोच आहे.

त्या दिवसापासून मी सकाळ-दुपार-संध्याकाळ व्यायाम करायला लागले. शंभर वेळा खुर्चीतून उठायची. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, हातांना कापरं भरायचं. हे पलंगावरून उजवा हात हलवून नको-नको म्हणायचे. मी म्हणायची, "गप पडा. तुमच्याचसाठी चाललंय." रडू यायचं आणि राग यायचा, दोन्ही एकदम.

एक दिवस तर मी चोरीच केली. समोरची पुतळा भाजी विकते. पन्नाशीची बाई, पन्नास किलोचं कांद्याचं पोतं एकटी टेम्पोतून उतरवते. रेहाना घरी सरावाची पट्टी ठेवून गेली होती. म्हटलं, ही फसते का आधी बघू. मी पुतळाला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "पुतळे, मांडी दे."

"अगं बया!" ती दोन पावलं मागं सरली. "ननवरेबाई, डोकं फिरलं का काय?"

समजावून सांगितल्यावर बिचारीनं लुगडं वर घेतलं. पट्टी बांधली, तिला खुर्चीतून उठवलं. त्र्याऐंशी! मी टाळी वाजवली. तेवढ्यात पट्टीतून बाईचा गोड आवाज आला, "ही मांडी नोंदलेल्या व्यक्तीची नाही. कृपया योग्य व्यक्तीनं पट्टी बांधावी." पुतळा एवढी हसली की जमिनीवर बसली. मी पण हसले. हसता हसता मला हुंदका फुटला आणि तो काही केल्या थांबेना.

पुतळा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "हाडं लागत्यात की हाताला. खाता का नाही काही?"

"खाते की."

"कुठं खाता? कोजागरीला गल्लीत सगळ्यांनी दूध घेतलं, तुम्ही पेला तसाच माझ्या सुनेला दिला. मी बघितलं न्हवं."

मी तिला घालवून दिलं. पण पुतळाच ती. दुसऱ्या दिवशी रेहाना आली, तिला कोपऱ्यावर गाठून सगळं सांगून मोकळी झाली.

रेहाना आत आली ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. "काकू, दूध का नाही घेतलं?"

"पचत नाही."

"दीड वर्ष पचत होतं. दही?"

मी ह्यांची चादर सारखी करायला लागले.

"डाळ? उसळ? अंडं तर मी रोज एक लिहून दिलं होतं. काकू, माझ्याकडं बघा."

तिनं तिच्या हातातल्या यंत्राचा पडदा माझ्यापुढं धरला. माझ्या आकड्यांची रेघ होती त्यावर. आषाढातल्या एकादशीपर्यंत चढती, तिथून पुढं गडगडत खाली आलेली. "इथं काय झालं?" तिनं त्या वळणावर बोट ठेवलं.

काय सांगू हिला? बोललेला नवस बोलून दाखवला की त्याचं फळ जातं, असं आमच्यात मानतात. तीन महिने मी जिभेला कुलूप घातलं होतं. पण ती बोट काढेना. शेवटी मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सांगून टाकलं.

आषाढात ह्यांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलावून घ्या. कुणाला बोलावू? एकादशीच्या दुपारी मी भगवंताच्या देवळात गेले आणि म्हणाले, यांना ठेव, मी चातुर्मास पाळते. दिवसातून एकदाच जेवीन. आणि प्रवचनात सांगतात तसं श्रावणात पालेभाजी सोडीन, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात सगळ्या डाळी. हे महिने एकादशी ते एकादशी मोजायचे, म्हणून डाळी आश्विनातल्या एकादशीलाच सुटल्या. वर माझी अक्कल चालवून म्हणाले की एकदा सोडलेलं कार्तिकी एकादशी होईतो परत तोंडाला लावणार नाही. अंडं तर त्याच दिवशी सोडलं. दुसऱ्या दिवशी द्वादशीला सकाळी ह्यांनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन लागू पडलं. इंजेक्शन तर चार दिवस आधीपासून चालू होतं की!

रेहाना ओट्याला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"काकू, मी रोजे धरते. उपासाला मी नावं ठेवणार नाही. पण जरा ऐका. आपलं शरीर स्नायू रोज थोडे मोडतं आणि रोज थोडे बांधतं. बांधायला सामान लागतं, ते डाळीतून, दुधातून, अंड्यातून येतं. तरुणपणी थोडं सामान आलं तरी बांधकाम सुरू होतं. म्हातारपणी स्नायूंना कमी ऐकू येतं, असं समजा. त्यांना मोठ्यानं हाक मारावी लागते, म्हणजे व्यायाम, आणि सामानही जास्त द्यावं लागतं, तेही दिवसातून तीन वेळा. तुम्ही हाका मारताय शंभर-शंभर. सामान मात्र एकेक करून बंद केलंत. आधी दही, मग दूध, आता डाळी. मग शरीर काय करणार? आहे तीच मांडी मोडून दिवस काढतंय. जितका जास्त व्यायाम, तितकी जास्त मोडतोड. काका उचलायला तुम्ही स्वतःचंच मांस जाळताय."

मी ओट्यावरचं फडकं उगाच पिळत राहिले.

"आजारी माणसाला आमच्यात सूट असते," ती म्हणाली. "तुमच्यातही असेलच."

"सूट घेतली तर नवस कसला गं? तिकीट काढायचं आणि अर्ध्या वाटेत सवलत मागायची?"

"मग काका जातील, काकू."

"आणि नवस मोडला तर ते जगातूनच जातील! तुला कळतंय का मी काय म्हणतेय? केंद्रात गेले तर निदान जिवंत असतील!"

मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर पलंगावर ह्यांनी कठड्यावर हात आपटला.

दिवाळी तोंडावर आली होती. रेहाना रोज येऊन जाऊन समजावत राहिली. तिनं हिशेब सांगितला: आजपासून नीट खाल्लं तर एवढ्या दिवसांत नवे धागे येणार नाहीत, पण उपाशी पडलेले जागे होतील, एक्केचाळीस-बेचाळीस होईल. भाऊबीजेच्या दिवशी मी हरले. तुरीचं वरण केलं, ह्यांना भरवलं, आणि ओट्याशी उभी राहून, देवाकडं पाठ करून, दोन वाट्या वरण मी प्यायले. तीन आठवड्यांनी डाळ! लाज वाटते सांगायला, पण इतकं गोड लागलं की डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला ह्यांच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. ताप एकशे दोन.

रेहाना धावत आली. तपासलं, लघवीचा नमुना घेतला. "लघवीत जंतू झालेत, काकू. लघवीची नळी लावलेली असली की होतं असं. दोन दिवस आधीपासूनच सुरू असणार. याचा वरणाशी काडीचा संबंध नाही."

"हो," मी म्हणाले. "संबंध नाही." आणि ती गेल्यावर मी देवापुढं नाक घासलं. म्हणाले, चुकले, पुन्हा नाही, माझं काय करायचं ते कर, ह्यांना सोड. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गोळ्यांनी उतरला असेल. पण मला कोण पटवून देणार? एकदा मोडलं तर ताप आला, पुन्हा धरलं तर ताप गेला. डोळ्यांनी बघितलं मी. मोजणीला सहा दिवस उरले होते आणि मी पुन्हा एकवेळच्या भाकरी-बटाट्यावर आले. रेहानाला सांगत राहिले, खाते गं, खाते. ती विश्वास ठेवायची. तिच्याशी खोटं बोलले याचं मला आजही वाईट वाटतं.

कार्तिकातल्या दशमीला दुसरी मोजणी झाली. छत्तीस.

रेहानानं एकदाच माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. तिनं पट्टी सोडून गुंडाळून ठेवली. आकडा तिच्या हातात नव्हताच, पट्टी तो थेट कार्यालयात पाठवते. अकरा वाजता गाडी दारात.

दोन माणसं आली, चांगली होती बिचारी. बरोबर उचलायचं यंत्र होतं, पट्ट्यांचा झोपाळा असलेलं. मी आडवी आले. म्हणाले, "हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्याला मी खुर्चीत बसवणार. मग न्या कुठं न्यायचं ते."

"आजी, नियमात..."

"नियम गाडीत ठेवून या!"

रेहाना त्यांना म्हणाली, "एकदा करू द्या."

मी पलंगाशी गेले. ह्यांचा उजवा हात माझ्या गळ्यात घेतला, गुडघे वाकवले, त्यांच्या पाठीमागं हात गुंफले. रोज सहा वेळा करत होते मी हे, चार वर्षं. "अहो, चला," म्हणाले आणि उचललं. उठले ते. अर्धं वळले मी. आणि उजवा गुडघा कुणीतरी मागून लाथ मारावी तसा मुडपला. मी सावरायला गेले, मांडीनं ऐकलंच नाही. ह्यांचं सगळं वजन माझ्यावर, आणि मी खाली चाललेय, हे मला स्पष्ट कळत होतं आणि काहीही करता येत नव्हतं. त्या दोघांनी झडप घालून धरलं म्हणून. नाहीतर ह्यांचं डोकं पलंगाच्या लोखंडी कठड्यावरच आपटलं असतं.

पट्टी खोटं बोलत नव्हती. मीच बोलत होते, सगळ्यांशी.

त्यांनी ह्यांना यंत्रानं उचललं. जाताना ह्यांनी माझा पदर उजव्या मुठीत धरला होता. मी एकेक बोट सोडवलं. ड्रायव्हरची बोटं ती, लवकर सुटत नव्हती. दुपारसाठी केलेला त्यांचा वरण-भात ताटलीत तसाच राहिला. गाडी गेल्यावर मी तो फ्रीजमध्ये ठेवला. कशासाठी ठेवला ते मलाही ठाऊक नाही.

रेहाना उंबऱ्यात बसली होती. मी विचारलं, "परत आणता येतं का गं?"

"पंचेचाळीस लागतील. एकदा घालवलेला दाखला परत मिळवायला पाच जास्त." तिनं नाक पुसलं. "बारा आठवडे, काकू. चौऱ्याहत्तरीतही स्नायू येतात परत, नव्वदीतल्यांचे आलेले बघितलेत मी. पण जेवलात तरच. मला आता खोटं सांगू नका."

"परवा बारस," मी म्हणाले. "परवा सुटतंय सगळं. परवापासून खाईन."

दुसरा दिवस एकादशीचा. चार महिन्यांतला शेवटचा. त्या दिवशी मी पाणीही घेणार नव्हते. म्हटलं, निदान एवढं तरी शेवटाला नेऊ, म्हणजे तिथं सोलापुरात ते सुखरूप राहतील. रिकाम्या पलंगाकडं पाठ करून मी नामस्मरण करत बसले.

साडेबाराला भिंतीवरचा फोनचा पडदा वाजला. केंद्रातली परिचारिका होती, कोवळ्या आवाजाची मुलगी. "आजी, जरा आजोबांशी बोलता का? कालपासून काहीच घेत नाहीत. पाणीसुद्धा नाही. असंच राहिलं तर संध्याकाळी नाकातून नळी घालावी लागेल, आणि त्यांच्या छातीचा इतिहास बघता डॉक्टरांना ती नको वाटतेय."

तिनं पडदा वळवला. हे दिसले. एका दिवसात गाल आत गेले होते. समोर खिचडीची वाटी.

"अहो," मी म्हणाले, "हे काय चालवलंय? घास घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलीनं चमचा तोंडाशी नेला. तोंड मिटलेलं.

मी समजावलं. मी दरडावलं. "ननवरे, गाडी उभी करायची नाही अशी मधेच, प्रवासी खोळंबलेत!" म्हणून चेष्टा केली. काही नाही. मुलगी पुन्हा चमचा पुढं करायला गेली, तर ह्यांनी उजव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि चमचा हळूहळू दूर ढकलला, पडद्याकडं. माझ्याकडं.

"बघा, असंच ढकलून देतात," मुलगी म्हणाली.

ढकलून देत नव्हते. पोरीला काय कळणार! चमचा माझ्या तोंडासमोर धरला होता त्यांनी. हात कापत होता, पण खाली येत नव्हता.

आणि मला सगळं एकदम उमजलं. चार महिने पलंगावर पडून या माणसानं माझी एकेक वाटी कमी होताना बघितली होती. संध्याकाळी त्यांना भरवून झालं की मी भांडी घासायला घ्यायची, माझं ताट कधी मांडलंच जायचं नाही. मी शंभर वेळा उठायची तेव्हा हात हलवून ते व्यायामाला नको म्हणत नव्हते, माझ्या उपाशी राहण्याला म्हणत होते. वाचा नव्हती, सांगणार कसं? मी मात्र देवाशी बोलत होते, रेहानाशी भांडत होते, पट्टीला शिव्या देत होते. ह्यांना एकदाही विचारलं नाही.

"थांबा," मी म्हणाले. "थांबा, आणते."

फ्रीज उघडला. कालची ताटली होती. गार, घट्ट झालेलं वरण, कोरडा पडलेला भात. ती घेऊन पडद्यापुढं बसले आणि पहिला घास हातात घेतला. हात तोंडापर्यंत जाईना. एकादशी, कार्तिक, डाळ. भाऊबीजेचा तो चटका अजून तळहाताला आठवत होता. माझी खात्री होती की हा घास गिळला आणि तिकडं ह्यांना काही झालं, तर त्यांना मी मारलं. आणि नाही गिळला, तर समोर दिसतंयच.

त्यांनी चमचा जरा आणखी पुढं केला.

मी घास तोंडात घातला. चावला. गिळला. त्यांना दिसावं म्हणून तोंड उघडून दाखवलं, लहान पोरासारखं.

त्यांनी मनगट सोडलं. मुलीनं चमचा वळवला, आणि ह्यांनी आ केला.

"घेतला, आजी! घेतला की हो!"

"मला दिसतंय," मी म्हणाले. "तू चमचा अर्धाच भर. उजव्या गालाकडून दे, डावीकडचं साठून राहतं."

मग एक त्यांचा, एक माझा. मी थांबले की ते थांबायचे. मधे मला हुंदका आला आणि भात नाकात गेला, तर ते घास तोंडात धरून वाट बघत बसले. मी पाणी प्यायले, मग त्यांनी गिळला. सगळी ताटली संपली, सगळी वाटी संपली.

"ताप बघ त्यांचा," मी म्हणाले.

"सकाळीच बघितलाय, आजी."

"आत्ता बघ. मी इथंच बसलेय."

तिनं बघितला. ताप नव्हता. मी तिला अर्ध्या तासानं परत बघायला लावला, आणि त्यानंतर परत. तिन्ही वेळा नव्हता. माझी भीती काही त्यानं गेली नाही, आजही पुरती गेलेली नाही.

"संध्याकाळचं जेवण किती वाजता देता?" मी विचारलं.

"साडेसहाला."

"सहाला फोन लाव. मला वरण गरम करायला वेळ लागतो."